सप्लाय म्हणजे आपलं खातं

अण्णासो कुरण्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन कधी दिसलं नाही. तिथं टेस्टर असायचा. वीज बोर्डातून लाइनमन म्हणून ते रिटायर झाले, पण टेस्टर काही रिटायर झाला नाही. कुणाकडं चहाला गेले तरी कपाला हात लावायच्या आधी जवळच्या प्लगात टेस्टर खुपसायचे. दिवा लागला की "हाय, हाय" म्हणून मान हलवायचे. नाही लागला, तर त्या यजमानाचा चहा गार झालाच म्हणून समजायचं. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत त्यांना करंट अण्णा म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

थोरल्या अतुलच्या लग्नात तर त्यांनी कहर केला होता. बौद्धाचार्य वंदना म्हणायला उभे राहिले, चारशे माणूस हात जोडून बसलं, आणि माइक, पंखे, लायटिंग सगळं एका झटक्यात बंद. नवरदेवाच्या बापानंच मेन स्विच पाडला होता. कारण मांडवातल्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं. मंडपवाला पाया पडला, पाहुणे विनवण्या करून दमले. अण्णासो म्हणाले, "लगीन अर्धा तास उशिरा लागलं तर काय बिघडत न्हाई. मांडवाच्या खांबाला कुणी चिकटलं तर?" शेवटी घामाघूम वऱ्हाडानं वंदना माइकशिवाय म्हटली, आणि लाज वाटून की काय, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटली. नवरी मुलगी रूपाली पदरानं वारा घेत आपल्या नव्या सासऱ्याकडं बघत होती. तिला भीतीही वाटली आणि हसूही आलं. पुढं संसारात दोन्ही आलटून पालटून येत राहिलं.

ह्या माणसाचा विजेवर इतका जीव होता, त्याला कारण होतं. जयसिंगपूरच्या बाजूला त्यांचं खेडं. गावात लाइट आली तेव्हा खांब वेशीपाशी येऊन थांबले. त्यांच्या वस्तीत कंदीलच राहिले. पुढं अण्णासो बोर्डात हेल्पर म्हणून लागले, आणि काही वर्षांनी वस्तीकडची लाइन मंजूर झाली तेव्हा शेवटच्या खांबावर तेच चढले होते. खाली त्यांची आई मान वर करून, "आण्णा, पडशील रं!" म्हणून ओरडत होती. संध्याकाळी समाजमंदिरातला बल्ब लागला. त्या दिवसापासून वीज म्हणजे आपल्या घरचं कार्य, अशी त्यांची समजूत झाली. दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळतं, हे मानायला ते तयार नसत.

रूपाली बी.कॉम. झालेली, डीटीपीचा कोर्स केलेली. दोन हजार तीनच्या सुमाराला तिनं घरातच पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. राजारामपुरीत दर दहा पावलांवर एक कोचिंग क्लास. त्यांच्या प्रश्नपत्रिका, नोट्स, आणि उन्हाळ्यात लग्नपत्रिका, असं काम सुरू झालं. अण्णासोंच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला बांधलेला टाइपरायटर. त्यात त्यांना रस नव्हता. फक्त रोज सकाळी अंघोळ झाली की त्याच्या पत्र्याच्या डब्याला टेस्टर लावून ते सुनेला दाखला द्यायचे, "बाडीला करंट न्हाई. बस."

त्या वर्षी ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरनं अंगात आल्यासारखं करायला सुरुवात केली. चालता चालता मधेच डोळे मिटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून जागा व्हायचा. एका पत्रिकेतली अख्ख्या भावकीची नावं रूपालीनं तीनदा टाइप केली. तिसऱ्यांदा एक चुलता गळाला आणि त्यावरून त्या घरात भांडण झालं ते वेगळंच. मग एके दुपारी डब्याच्या मागून फट् आवाज आला आणि निळसर धूर निघाला. आत झोपलेल्या अण्णासोंना आवाजानं नाही, वासानं जाग आली. "वाइंडिंग जळालं!" म्हणत ते तसेच बनियनवर बाहेर धावले.

राजारामपुरीतच कॉम्प्युटरचं दुकान असलेला अमरसिंह स्कूटरवरून आला. कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. तिशीचा, गोड बोलणारा गडी. त्यानं डबा उघडला, वास घेतला आणि म्हणाला, "एसएमपीएस गेलाय, वैनी."

"ते काय असतंय?" अण्णासोंनी विचारलं.

"पॉवर सप्लाय, काका. घरातला करंट घ्यायचा आन् आतल्या पार्टांना लागंल तसा वाटून द्यायचा."

अण्णासोंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "सप्लाय?" ते म्हणाले. "आरं, मग आधी बोलायचं की! सप्लाय म्हणजे आपलं खातं!"

रूपालीनं सासूकडं बघितलं. शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सासरा-सून दुकानात गेले. रूपालीचा हिशेब दहा मिनिटांचा होता. अण्णासोंनी इस्त्रीची पँट घातली होती आणि पिशवीत पक्कड, काळी चिकटपट्टी घेतली होती. अमरसिंहनं काउंटरवर तीन डबे ठेवले. एकाच्या खोक्यावर आभाळ फाडणारी वीज छापलेली आणि साडेचारशे वॅट असं ठळक लिहिलेलं. दुसरा साधा, पांढऱ्या खोक्यातला, तीनशेचा. तिसराही तीनशेचाच, पण परदेशी, भारी किमतीचा, सीलबंद.

अण्णासोंनी एकेक डबा तळहातावर घेऊन जोखला. विजेच्या चित्राचा डबा चांगलाच जड होता.

"ह्यो बघ," ते सुनेला म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर वजनावर वळखायचा असतोय. पोटात तांबं हाय, लोखंड हाय, म्हणून वजन हाय. हलकं ते फुसकं."

"काका, ह्यात तसला मोठा ट्रान्सफॉर्मर नसतोय," अमरसिंह म्हणाला.

"नसतोय? मग करंट काय पाया पडून खाली उतरवतोस?"

अमरसिंहनं समजावायचा प्रयत्न केला, पण अण्णासोंचं लक्ष खोक्यावरच्या आकड्याकडं गेलं होतं. "साडेचारशे वॅट. म्हंजे अर्ध्या एचपीची मोटार उचलाय पायजे ह्येनं."

"मोटार नाही उचलत, काका."

"मग लिवलंय कशाला?"

हा प्रश्न अमरसिंहला आजवर कुणीच विचारला नव्हता. "लिहित्यात तसं," तो चाचरत म्हणाला.

"लिहित्यात तसं! बोर्डात आमी असं लिवलं असतं तर घरला पाठवलं असतं. शंभर-शंभरचं चार बल्ब आण. लावून बघू."

"घरातला बल्ब ह्याच्यावर लागत नाही. हे बारा व्होल्ट देतंय."

कुणीही इथं थांबलं असतं. अण्णासोंनी मात्र दुकानाच्या पायरीवर येऊन रस्त्याकडं बघितलं. कोपऱ्यावर गुंडूची रिक्षा उभी होती. कोल्हापुरात रिक्षा नवरीसारखी नटवायची रीत आहे, आणि सुंदर रिक्षांच्या स्पर्धेत नंबर यावा म्हणून गुंडूनं आपल्या रिक्षेला पुढून एक सोडून चार मोठे दिवे बसवले होते. बारा व्होल्टचे.

"गुंडू!" अण्णासोंनी हाळी दिली. "तुझं दिवं काढ!"

"का वो? काय झालं?"

"कॉम्प्युटरला लावायचं हाईत."

गुंडू त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्यानं दुसरा प्रश्न न विचारता स्क्रू ड्रायव्हर काढला.

काउंटरवर चार बल्ब मांडले गेले. अमरसिंहनं पॉवर सप्लायच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत यू-पिन अडकवली, तसा डब्यातला पंखा फिरायला लागला. पहिला मान अर्थात जड डब्याचा. एक बल्ब लावला, लागला. दुसरा लावला, दोन्ही जरा मंदावले. "तेवढं चालतंय," अण्णासो उदारपणे म्हणाले, "सांजच्याला आख्खं गाव मंद असतंय." तिसरा लावला मात्र, फटाका फुटावा तसा आवाज झाला, ठिणगी उडाली आणि दुकानातली लाइट गेली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून शिवी ऐकू आली.

"माझा बल्ब गेला काय?" अंधारातून गुंडूनं विचारलं.

लाइट आल्यावर अमरसिंहनं डबा खोलला. आत चार-दोन किडूकमिडूक पार्ट होते आणि झाकणाला आतून डिंकानं चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी होती. बाकी पोकळी.

अण्णासोंनी पट्टी काढून हातात घेतली. आपण मघाशी काय काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, आणि सुनेलाही आठवत असणार हे त्यांना कळत होतं.

"वजन हाय की पर," गुंडू म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता.

अमरसिंह लालबुंद झाला होता. "शपथ घेतो काका, मला म्हाईत न्हवतं. मी आजपावतर खोलूनच बघितला न्हवता."

"आता खोलून बघत जा," अण्णासो म्हणाले, आणि वजनाचा विषय त्यांनी तिथंच संपवला.

पांढऱ्या डब्यानं तीन बल्ब नीट पेलले. चौथा लावल्यावर आवाज न करता बंद पडला. "ह्यो शाणा हाय," अण्णासो म्हणाले. "झेपंना झालं तवा गप बसला." परदेशी डब्यानं चारही बल्ब लख्ख पेटवले. चहा सांगितला, चहा आला, चहा पिऊन झाला, तरी बल्ब पेटलेलेच. तोवर पायरीवर गर्दी जमली होती. एका बाईनं, "कसला सेल हाय वो?" म्हणून विचारलं.

"मामा, मला पांढरा पुरे," रूपाली हळूच सासऱ्याला म्हणाली. "आपल्या कॉम्प्युटरला काही चार रिक्षा ओढायच्या नाहीत."

"आन् ओढायची येळ आली तर?"

परदेशी डबा घरी आला.

दोन दिवस अण्णासो गल्लीत छाती काढून हिंडले. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शेवंताबाईंनी लसूण-खोबऱ्याची चटणी करायला मिक्सर लावला, आणि पुढच्या खोलीतून रूपालीचा "आई गं!" ऐकू आला. पडदा काळा. मग कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून.

अण्णासोंनी डबा काढायला लावला, पिशवीत घातला आणि दुकान गाठलं. अमरसिंहनं चार बल्ब लावले. चारही लख्ख. घरी आणला, जोडला, मिक्सर लावला, बंद. परत दुकान. अमरसिंहनं तसलाच दुसरा दिला. त्याचीही तीच तऱ्हा. ह्या येरझाऱ्यांत गुंडूनं रिक्षेचे दिवे परत बसवायचं सोडून दिलं. बल्ब तो खिशातच घेऊन फिरायला लागला. पांढरा डबाही आणून झाला. मिक्सरचं बटण दाबलं की तोही शहाण्यासारखा गप बसायचा.

"सप्लाय वक्के हाय," प्लगात टेस्टर घालून अण्णासो सगळ्यांना दाखवायचे. "बघा, पेटतोय. डब्यातच खोट हाय. ह्या सगळ्या धंद्यातच खोट हाय."

आता टेस्टर पेटतो तो फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर. न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी वायर सैल असली तरी तो तितकाच छान पेटतो. हे अण्णासोंना माहीत नव्हतं असं नाही. बोर्डात नव्या हेल्परांना हे त्यांनीच खांबाखाली उभं राहून, आयमाय काढत शिकवलं होतं. पण ती खांबावरची गोष्ट. ह्या घराचं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. सागवानी पट्ट्या ओळंब्यात, क्लिपा एका मापाच्या अंतरावर. घर बांधलं तेव्हा लोक भिंती सोडून वायरिंग बघायला यायचे. त्यावर संशय घ्यायचा म्हणजे शेवंताबाईंच्या भाकरीवर संशय घेण्यासारखं होतं. ते सुचतच नाही माणसाला.

इकडं पत्रिकावाले दारात यायला लागले. शेवटी रूपालीनं आणि अतुलनं कॉम्प्युटर उचलून शेजारच्या धोंडुबाईंच्या पुढच्या सोप्यात नेऊन मांडला. धोंडुबाईंकडं दिवसभर मिक्सर चालला, पाण्याची मोटार चालली, इस्त्री चालली. कॉम्प्युटरची पापणी लवली नाही. संध्याकाळपर्यंत रूपालीच्या पत्रिका झाल्या आणि खोट कुठं आहे तेही तिला कळलं.

"तुम्ही सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

अतुल जयसिंगपूरच्या एका शाळेत क्लार्क होता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या एसटीच्या आधीची एसटी धरून गेला.

मग रूपालीनं मेथी निवडता निवडता सासूला सांगितलं. शेवंताबाईंचे हात थांबले. त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते रूपालीनं नातू झाला तेव्हाही बघितलं नव्हतं.

"मिक्सर लावला की ट्यूब मिचमिचती," त्या म्हणाल्या, "ह्ये मी मिक्सर आल्यापास्नं सांगतीया. दरवेळी 'व्होल्टेज कमी हाय' म्हणून मला गप बसवलंया ह्या माणसानं. तू काय बोलू नगंस. मी सांगती."

दुपारच्या जेवणाला अण्णासो बसले, आणि दुसरी भाकरी वाढता वाढता शेवंताबाईंनी सांगितलं. "डब्याच्यात काय खोट न्हाई. धोंडुबाईच्यात दिसभर चाललाय. खोट हाय ती तुमच्या वायरिंगमधी."

अण्णासोंनी घास खाली ठेवला. "कुणाच्या?"

"तुमच्या."

ते उठले, हात धुतले, चप्पल घातली आणि निघून गेले. समाजमंदिराच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मनात ते एकेक जोड आठवत होते. सोप्यातला बोर्ड, पक्का. स्वयंपाकघर, पक्कं. माडीवरचा, पक्का. आणि पुढच्या खोलीचा... इथं येऊन त्यांची साखळी तुटत होती. तो जोड केल्याचं त्यांना आठवेना.

घरी परतले तेव्हा बायका कलंडल्या होत्या. त्यांनी मेन पाडला, पुढच्या खोलीतला बोर्ड खोलला आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. मिक्सरच्या आणि कॉम्प्युटरच्या प्लगला जाणारी न्यूट्रलची वायर नुसती बोटांनी पिळून जोडलेली होती. वरची चिकटपट्टी भाजून पापडासारखी झाली होती. पट्टी उलट्या बाजूनं गुंडाळलेली. अण्णासो डावरे. अख्ख्या कोल्हापुरात अशी उलटी पट्टी गुंडाळणारा दुसरा माणूस त्यांनी बघितला नव्हता. मग आठवलं. घरभरणीचा दिवस, पंगत बसलेली, आत कुणीतरी "अण्णा, वाढाय या!" म्हणून ओरडलेलं, आणि आपण म्हटलेलं, आता असू दे, उद्या नीट करू.

असाच जोड केला म्हणून त्यांनी एका हेल्परच्या कानाखाली वाजवली होती. त्यांनी पिशवीतून पक्कड काढली. जळकं टोक तोडलं, तांबं खरवडून लखलखीत केलं, पितळी कनेक्टर घातला आणि स्क्रू हात दुखेपर्यंत आवळला. मेन लावला. धोंडुबाईंकडून आदल्या संध्याकाळीच परत आलेला कॉम्प्युटर स्वतः सुरू केला, आणि रिकामा मिक्सर फुल स्पीडला सोडला. शेवंताबाई आणि रूपाली दचकून उठून बाहेर आल्या. कॉम्प्युटर चालू होता. ट्यूबही मिचमिचत नव्हती.

"उंदरानं कुरतडलंतं," अण्णासो भिंतीकडं बघत म्हणाले.

शेवंताबाईंनी खाली पडलेला जळका तुकडा उचलला, उजेडाला धरला, उलटा पालटा केला.

"उंदराला चिकटपट्टी गुंडाळाय बी येती व्हय?"

रूपालीनं चटकन कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"हल्लीचं उंदीर काय बी करत्यात," अण्णासो म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन दुपारची राहिलेली भाकरी काढून घेतली. त्या दिवसापासून ह्या विषयावर ते कधी बोलले नाहीत, आणि घरातल्यांनीही त्यांना बोलायला लावलं नाही. परदेशी डबा परत गेला, पांढरा राहिला. तो पुढं पाच वर्षं कुरकुर न करता चालला.

दुकानाशी मात्र त्यांचं नातं तुटलं नाही. अमरसिंहनं चार बल्ब एका फळीवर ठोकून काउंटरवर कायमचे मांडले आणि विजेच्या चित्राचा डबा ठेवायचं बंद केलं. दुपारची झोप झाली की अण्णासो तिथं जाऊन बसायचे. कुणी गिऱ्हाईक पॉवर सप्लाय जळाला म्हणून आलं की ते आधी विचारायचे, "घरातलं न्यूट्रल बघितलंय का?" गिऱ्हाईक म्हणायचं, लाइट व्यवस्थित आहे. मग अण्णासो असे काही खवळायचे, की त्या माणसाला आपण कुठला गुन्हा केला ते कळत नसे. अमरसिंहची काही विक्री बुडाली, पण परत येणारे डबेही थांबले. तेव्हा त्यानं हिशेब करायचं सोडून दिलं आणि काकांसाठी एक खुर्ची घेतली.

पुढं काही वर्षांनी रूपालीनं रस्त्याला लागून एक गाळा घेतला. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स. वायरिंगचा विषय निघाला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मामा, ह्या खेपेला लायसनवाला वायरमन बोलावूया." कृष्णात नावाचा वायरमन आला. अण्णासो नुसते खुर्ची टाकून बघत बसले. शब्द काढला नाही, फक्त कृष्णातनं पक्कड धरली की ते नाकानं हुं करायचे. तिसऱ्या दिवशी कृष्णात काम अर्धवट टाकून आलाच नाही, आणि त्याचा फोनही लागेना.

मग सत्तरीला टेकलेले अण्णासोच शिडीवर चढले. रूपाली खाली शिडी धरून उभी राहिली. पहिला जोड झाला, ते डबीचं झाकण लावणार तोच ती म्हणाली, "थांबा, मामा." दोन पायऱ्या वर चढून तिनं वायर धरली आणि जोर लावून ओढली. वायर पक्की होती. ती खाली उतरली. दुसऱ्या जोडाला तसंच. तिसऱ्याला तसंच. अण्णासोंचे कान लाल झाले होते, पण तोंड बंद होतं. पाचवी वायर ओढली आणि ती सुटून तिच्या हातात आली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अण्णासोंनी वायर तिच्या हातातून घेतली, पुन्हा खरवडली, पुन्हा आवळली. मग झाकण न लावता डबी तिच्यासमोर उघडी धरली.

"वड," ते म्हणाले. "चांगली जोर लावून वड."